मरणोत्तर सन्मान आणि कर्मफल

रणात पडलेल्या वीराला मृत्यूनंतर अर्पण केलेले पदक हे त्याच्या कर्माचे फळ मानावे काय? मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फलावर नाही, हा गीतेचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. परंतु त्याच द्वितीय अध्यायात, युद्धात मृत्यू आल्यास स्वर्ग आणि विजय मिळाल्यास पृथ्वीचे राज्य, असेही भगवान अर्जुनास सांगतात. फलत्याग आणि फलाचे आश्वासन यांचा मेळ कसा घालावयाचा?

मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. १९७७ साली जन्मलेले संदीप बंगळूर येथे लहानाचे मोठे झाले. १९९९ साली ते बिहार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले व पुढे राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडो पथकात दाखल झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा ताजमहाल हॉटेलात शिरलेल्या एका तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. गोळीबारात एक सहकारी जखमी होताच त्यांनी प्रथम त्याला सुरक्षित स्थळी हलविण्याची व्यवस्था केली. नंतर इतरांना वर येण्यास मनाई करून ते स्वतः शत्रूच्या मागे गेले. त्यातच २८ नोव्हेंबर रोजी ते धारातीर्थी पडले. वय अवघे ३१ वर्षांचे. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

नायकाने एकट्याने पुढे जाणे हे साहस की अविचार, अशी शंका कोणी घेईल. परिणाम, हानी व आपले सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभिलेल्या कर्मास गीता अठराव्या अध्यायात तामस म्हणते. परंतु मन कोणास दिसत नाही. कृतीचा क्रम मात्र दिसतो. आधी जखमी सोबती, मग इतरांचे प्राण आणि सर्वांत शेवटी स्वतःचा जीव, असा हा क्रम होता. मोहाने आंधळा झालेला मनुष्य अशी गणना करीत नाही.

आता मूळ प्रश्न. स्वर्गाचे आश्वासन दिल्यावर लगेच पुढच्याच श्लोकात भगवान लाभ आणि हानी सम मानावयास सांगतात व थोड्याच अंतरावर स्वर्गालाच सर्वस्व मानणाऱ्यांना दोष देतात. म्हणजे ते आश्वासन खचलेल्या मनाला उभे करणारी पहिली पायरी होय; ते अंतिम ध्येय नव्हे.

मग पदक कोणाचे? ज्याचे म्हणून ते दिले जाते, तो ते घ्यावयास उरत नाही. म्हणून ते त्याचे फळ नसून देणाऱ्यांचे कर्तव्य आहे. घेतल्यावर परत न देणाऱ्यास तिसरा अध्याय चोर म्हणतो. अशा रक्षकांच्या जिवावर निर्भय झोपणारा समाज त्यांचा ऋणी आहे. मात्र हे ऋण फेडताना एक विवेक हवा. आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश भगवंतांनी कर्तव्य टाळू पाहणाऱ्या योद्ध्यास केला. पुत्राच्या चितेपाशी उभ्या असलेल्या मातापित्यांना नव्हे. त्यांच्यापुढे श्लोक म्हणून त्यांचे अश्रू थांबवू पाहणे हा ज्ञानाचा दुरुपयोग होय. तेथे मौन धरून त्यांच्या दुःखाचा भार थोडा आपल्या खांद्यावर घ्यावा, हेच समाजाचे त्या वेळचे स्वकर्म.