धाडस आणि दुसऱ्याचा जीव

मागील महिन्यात चोपड्यास आमच्या घरी रविवारच्या शाळेच्या एक शिक्षिकाबाई आल्या. मोठ्या वर्गाच्या मुलांना सह्याद्रीत डोंगर चढावयास न्यावे की नाही, हा त्यांचा प्रश्न. काही पालकांचे म्हणणे असे पडले की, देवाने दिलेला देह हौसेखातर कड्यावर टांगणे म्हणजे परमेश्वराची परीक्षा पाहणे होय. आधारासाठी त्यांनी मत्तयाचा चौथा अध्याय काढला होता. चहा निवून गेला, तरी आम्हांस उत्तर देता येईना.

आम्ही स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. आमच्या लहानपणी शापोरा नदीवर येथे पूल नव्हता. शिवोलीस जावयाचे तर फेरीबोट, आणि नदीच्या मुखावरचा किल्ला ही आमच्या लेखी उंचीची परिसीमा. सतराव्या वर्षी वेंगुर्ल्याकडच्या काही तरुणांबरोबर आम्ही कुडाळ तालुक्यातील मनोहर-मनसंतोष या जोडगडांवर गेलो. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात गाजलेले हे ठिकाण. मनोहरगडास पायऱ्या आहेत. मनसंतोषगडाची वाट तुटलेली, तेथे कातळच चढावा लागतो. वर पोहोचल्यावर वारा अंगात शिरला आणि १२१ व्या स्तोत्रातले डोंगर आम्हांस प्रथमच खरे वाटले. त्या दिवसापासून डोंगराचे जे वेड लागले, ते पन्नाशी जवळ आली तरी गेले नाही.

मात्र ही गोष्ट सांगताना तिचा एक भाग आम्ही पुष्कळ वर्षे गाळीत आलो. उतरताना, नको म्हटले असता, आम्ही वाट सोडली आणि घसरून एका झुडपात अडकलो. गावातला वाटाड्या खाली आला, त्याने आम्हांस वर ढकलले आणि तोच पडला. त्याचा हात मोडला. आम्हांस खरचटलेही नाही.

पालकांच्या आक्षेपाचे एक उत्तर सोपे आहे. सैतानाने प्रभूला उडी टाकावयास सांगितले होते; गिर्यारोहक देवदूतांवर विसंबत नाही, तो हाताने खडक धरतो. पण हे उत्तर आमच्यापुरतेच झाले. त्या वाटाड्याचे काय?

येथे डॉ. सॉमरवेल यांची आठवण होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ७ जून रोजी हिमकडा कोसळून सात भारवाहक गेले. गोऱ्यांपैकी एकही नाही. आपल्यातला एखादा त्यांच्यासोबत का गेला नाही, ही खंत सॉमरवेल यांनी पुढे लिहून ठेवली. त्याच वर्षी त्रावणकोरातील नेय्यूरच्या मिशन दवाखान्यातली रोग्यांची रांग त्यांनी पाहिली आणि लंडनमधली शस्त्रवैद्याची वाट सोडून ते तेथेच सेवेस राहिले. पण डोंगर त्यांनी सोडला नाही! १९२४ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले, आणि चार भारवाहक वर नॉर्थ कोलवर अडकून पडले तेव्हा नॉर्टन व मॅलरी यांच्यासह त्यांना आणावयास चढले. धोक्याच्या उतारावर पुढे सॉमरवेल होते. दोर अपुरा पडला, तरी चौघेही खाली आले. शिखर मात्र त्यांना मिळाले नाही.

त्यांची १९२२ ची खंत १९२४ च्या चढाईने फिटली असे आम्ही म्हणणार नाही. सात घरे उजाड झाली ती झालीच. पण धाडस वाईट की चांगले, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटू लागला आहे. मुलगा घसरला तर त्याच्यामागे कोण उतरणार, आणि त्याचा हात मोडल्यास त्याच्या घरची चूल कोण पेटवणार, हे पालकांनी विचारावे. आम्ही बाईंना तेवढेच सांगितले, आणि गाळलेला भागही सांगितला.

"त्यांना पुन्हा भेटलात का?" त्यांनी विचारले.

भेटलो होतो, पण बारा वर्षांनी. हात कोपरात सरळ होत नव्हता. आमची क्षमायाचना त्यांनी नीट ऐकूनही घेतली नाही, पोह्यांची बशी पुढे केली आणि म्हणाले, "पोरांका घेवन येवा. पण पावस गेल्यार."