दूरदेशची बातमी आणि आपली साक्ष

लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी चाळीत एक वर्तमानपत्र विकत घेतले जाई व दहा-बारा जण ते ऐकत. ज्याला अक्षरओळख असे तो जिन्याच्या पायरीवर बसून वाची. आपल्या खेड्यांतून हेच काम उपदेशकाकडे येते. उपासना आटोपली म्हणजे कोणी तरी हळूच विचारतो, "मास्तर, लढाईचे काय म्हणतात?" मास्तर छापलेले वाचून दाखवितात, आणि ऐकणाऱ्यांच्या लेखी ते बोलणे मग वर्तमानपत्राचे राहत नाही, मास्तरांचे होते. हल्ली बातमी मोबाइलवर येते; तरी जो पुढे सांगतो तो साक्षीदार ठरतो, ही गोष्ट काही बदललेली नाही. ह्यास्तव पुढील प्रश्न केवळ संपादकांचा आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये.

प्रश्न असा. परराष्ट्राशी तंटा उपस्थित झाला व आपल्या सरकारने एक धोरण ठरविले, म्हणजे वर्तमानपत्राने त्या तंट्याची हकीकत कशी द्यावी? सरकारची बाजू अन्यायाची असेल तेव्हा उत्तर देणे फारसे कठीण नाही. पण बाजू न्यायाची असेल तर? तेव्हा थोडे वाढवून सांगितले, थोडे झाकून ठेवले, तर त्यात पाप ते कोणते? आम्ही मुद्दाम न्याय्य बाजूचेच उदाहरण घेतो, आणि ते गोव्याचे.

गोवा मुंबईला कधीच परका मुलूख नव्हता. गिरगावात, धोबीतलावावर, दादरास गोवेकरांची शेकडो घरे होती. गिरणगावातील सावंतवाडीकडच्या कामगाराची सोयरीक पलीकडे पेडणे-डिचोलीत असे. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो पोर्तुगालचा मुलूख, म्हणून तंटा परराष्ट्राचा. हिंदुस्थान सरकारने लिस्बन येथे वकिलात उघडून बोलणी करून पाहिली. ती निष्फळ झाल्यावर १९५३ साली वकिलात बंद केली. पंडित नेहरूंचे धोरण असे की, गोवा आपलाच, परंतु तो शांततेच्या मार्गाने मिळवावयाचा. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट व नानासाहेब गोरे ह्यांच्यासह सत्याग्रह्यांची तुकडी हद्द ओलांडून गेली. पुढे १५ ऑगस्ट रोजी हजारो निःशस्त्र माणसे आत शिरली. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या व वीसाहून अधिक माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पडला, दंगा उसळला आणि आपल्याच पोलिसांनी गोळीबार केला.

त्या वेळी मराठी पत्रे सरकारची बटीक होती असे कोणीही म्हणू शकणार नाही. सरकारने सामुदायिक सत्याग्रहास बंदी केली तेव्हा अनेक पत्रांनी नेहरूंवर सडकून टीका केली. केसरीचे संपादक जयंतराव टिळक हे तर गोवा विमोचन सहायक समितीच्या धुरीणांपैकी होते. म्हणजे पत्र सरकारविरुद्ध उभे होते खरे; परंतु लढणारा आणि लढाईची हकीकत लिहिणारा हे दोघे एकाच खुर्चीवर बसले होते. त्यांनी लबाडी केली असा आमचा आरोप नाही. मात्र पत्र सरकारशी भांडते तेव्हा बहुधा "अधिक जोराने चला, लवकर चला" एवढ्यापुरतेच भांडते, हे ध्यानात ठेवावे. "आपण जे ऐकतो आहोत ते तसेच घडले काय?" हा प्रश्न त्या भांडणात कोणी विचारीत नाही. वाचकाला मात्र वाटते की पत्र निर्भीड आहे, तेव्हा त्यातील हकीकतही तपासलेली असणार. ही चूक फार सहज होते.

ह्यात ख्रिस्ती माणसाला एक वेगळा घाव बसला. पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझार जगाला सांगत असे की, गोवा ही पूर्वेकडील ख्रिस्ती संस्कृतीची चौकी होय. वस्तुतः गोव्यात हिंदूंची संख्या अधिक होती. परंतु सालाझारचे म्हणणे आपल्याकडच्या कित्येकांनी उलट्या बाजूने खरे मानले, व ख्रिस्ती म्हणजे फिरंग्यांचा माणूस असा संशय घेतला. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे ख्रिस्ती घराण्यातले गृहस्थ. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी पोर्तुगालात तुरुंगवास भोगून ते मुंबईस आले, येथून त्यांनी पत्र चालविले आणि १९५८ साली येथेच वारले. पीटर आल्वारिस ह्यांनीही लढ्याचे पुढारीपण केले. ही नावे त्या वेळी किती चाळींत ऐकविली गेली असतील?

आता १९६१ साल. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी 'साबरमती' ह्या आगबोटीवर गोळीबार केला. कारवारकडील एक मच्छीमारही त्यांच्या गोळीने मेला. इतके खरे. परंतु डिसेंबरात वर्तमानपत्रांतून रोज निराळीच बातमी येऊ लागली: पोर्तुगीज सैन्याची मोठी जमवाजमव चालली आहे, कुमक येत आहे, हद्दीवर आगळीक होत आहे. बातमी येई दिल्लीहून, आणि बातमीदाराला हद्दीपलीकडे जाऊन पाहण्याची सोय नव्हती. १८ डिसेंबरला आपले सैन्य आत गेले व दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. मागाहून दिसले ते असे की, पोर्तुगीज फौज साडेतीन हजारांच्या आसपास होती, आणि तिच्यापाशी एकही लढाऊ विमान नव्हते. आपले तीस हजारांवर सैन्य चालून गेले होते. चढाई करावयास निघालेली फौज ती नव्हे! दोन्हीकडचे मिळून पन्नासाच्या आसपास सैनिक मेले.

ह्यावरून गोवा घेणे अन्यायाचे होते असे ठरत नाही. साडेचारशे वर्षांची परसत्ता गेली हे चांगलेच झाले. पण सत्य पुरेसे असताना त्यास असत्याची कुबडी कशाला दिली, हे आम्हांस कळत नाही. साबरमतीवरील गोळीबार, १९५५ चे मुडदे, तुरुंगातील देशभक्त एवढे पुरे नव्हते काय? फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते, हेही येथे विसरता येत नाही. मेननांवर तुटून पडणारी पत्रे मुंबईत थोडीथोडकी नव्हती. परंतु जमवाजमवीच्या बातमीवर क्वचितच कोणी बोट ठेवले. राजगोपालाचारींसारख्या ज्या थोड्यांनी बळाच्या उपयोगाविषयी शंका काढली, ते अप्रिय झाले.

हा दोष आपल्याच देशाचा असे मात्र नव्हे. गोव्याच्या वेळी हिंदुस्थानला नीतिपाठ देणाऱ्यांत न्यूयॉर्क टाइम्स हे पत्र होते. त्याच पत्राने त्याच वर्षी एप्रिलात, अमेरिकेच्या आश्रयाने क्यूबावर स्वारी होणार ही बातमी हाती असता, स्वारी अगदी जवळ आल्याचा मजकूर गाळून ती सौम्य करून छापली. स्वारी फसली. पुढे अध्यक्ष केनेडी ह्यांनीच त्या पत्राच्या संपादकास म्हटले की, तुम्ही अधिक छापले असते तर आम्ही एका मोठ्या चुकीतून वाचलो असतो. उलट १९५६ साली इंग्रज सरकारने सुएझवर सैन्य धाडले तेव्हा मँचेस्टर गार्डियन व ऑब्झर्व्हर ह्यांनी आपल्याच सरकारला दोष दिला, व ऑब्झर्व्हरला त्यापायी वाचक आणि जाहिराती गमवाव्या लागल्या. अशी उदाहरणे थोडी आहेत, कारण किंमत रोख मोजावी लागते आणि बक्षीस उधारीवर असते.

आपल्यालाही किंमत मोजावी लागली. गोव्याच्या विजयानंतर वर्षही पुरे झाले नव्हते. १९६२ च्या १२ ऑक्टोबरला नेहरूंनी सिलोनला जाता जाता सांगितले की, चिन्यांस आपल्या भूमीतून हुसकून लावण्याचा हुकूम सैन्यास दिला आहे. पत्रांनी तो मोठ्या मथळ्यांनी छापला. हुकूम दिला म्हणजे बळही आहे, असे घरोघर धरले गेले. गोव्याची सोपी जीत सर्वांच्या डोळ्यांपुढे होतीच. २० ऑक्टोबरला चिनी सैन्य उतरले. आपले शिपाई हिमालयाच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी उभे होते, हे देशाला मागाहून कळले.

येथे कोणी म्हणेल, शिपाई हद्दीवर उभा असता शंका काढणे हा द्रोह नव्हे काय? काही गोष्टी तेव्हा छापू नयेत हे आम्हांस मान्य आहे. कोणती पलटण कोठे आहे, हे शत्रूस सांगण्याचे कारण नाही. परंतु न सांगणे निराळे आणि नसलेले सांगणे निराळे. मौन धरणारा साक्षीदार आणि खोटी साक्ष देणारा ह्यांस कोणताही न्यायाधीश एका मापाने मोजीत नाही, आणि दहा आज्ञांतही खोट्या साक्षीचेच नाव घेतले आहे. आता शिपाई स्वतः काय मागेल? घरी पाठविलेल्या पत्रात तो गरम कपडे मागतो. त्याच्यापाशी ते नाहीत ही बातमी सप्टेंबरात छापली गेली असती, तर कोणाचे नुकसान होते? ज्यांनी ते पुरवावयाचे त्यांची अब्रू गेली असती, एवढेच.

सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतून अशी पत्रे येत. आईला वाचता येत नसे. ती पदराखाली पत्र घेऊन मास्तरांकडे येई, आणि जे मास्तर सकाळी चावडीवर विजयाचे मथळे वाचून दाखवीत, तेच संध्याकाळी तिला तिच्या मुलाचे अक्षर वाचून दाखवीत. दोहोंत मेळ बसला नाही, तर ती त्यांच्या तोंडाकडे पाहत बसे.