कवच आणि कळ

डावी कळ एकदा दाबली की दोनदा लागायची. फाइल निवडायला जावं तर ती उघडायची. म्हणून नवा वायरलेस माउस घ्यायला गेले. दुकानदारानं एकाच मॉडेलचे दोन माउस पुढे ठेवले, एक काळपट आणि एक पांढरा. दोन्ही खोक्यांवर रिसायकल केलेल्या प्लास्टिकची टक्केवारी बारीक अक्षरांत छापलेली होती. काळपटात ती जास्त होती, पांढऱ्यात कमी.

हा फरक आपल्या पसंतीमुळे पडतो. माउसचं कवच बहुधा एबीएस प्लास्टिकचं असतं. निरनिराळ्या जुन्या यंत्रांची कवचं एकत्र वितळवली की प्लास्टिकचा दाणा मळकट निघतो. काळ्या रंगात तो खपून जातो, पण पांढरंशुभ्र कवच हवं असेल तर वर्जिन, म्हणजे कोरा दाणा वाढवावा लागतो. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३एसमध्ये गडद रंगाला २७ टक्के, तर फिकट करड्याला २२ टक्के रिसायकल प्लास्टिक आहे. मधले पाच टक्के आपल्या उजळ रंगाच्या हौसेपायी जातात.

मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये समुद्रातून आणि जलमार्गांतून काढलेलं प्लास्टिक वापरून माउस आणला. त्याचं प्रमाण २० टक्के होतं, तेही फक्त कवचात. एवढ्याशानं काय होणार, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रिसायकल प्लास्टिकचा प्रत्येक टक्का कोणाच्या तरी हातांनी निवडलेला असतो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये कामगार तुकडा मोडून त्याचा आवाज ऐकतात, कडेला काडी लावून धुराच्या वासावरून जात ओळखतात. पाण्यात टाकलं की बादली-डब्यांचं प्लास्टिक तरंगतं, एबीएस तळाला जातं. जळत्या तुकड्यांचा तो धूर रोज त्यांच्या छातीत जातो. पुण्यात कचरावेचक १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हटलं जाऊ लागलं. खोक्यावर टक्केवारी छापता येते, तर हे प्लास्टिक कुठून आलं, कोणी निवडलं आणि त्यांना काय भाव मिळाला, हेही छापता आलं पाहिजे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दुकानदाराला विचारलं, ‘हा उघडतो का?’ त्यानं माउस उलटा केला. स्क्रू कुठेच दिसत नव्हता. मग मी काहीच न घेता जुना माउस बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं तळाच्या गुळगुळीत पट्ट्या पात्यानं सोलल्या. स्क्रू त्यांच्याखाली लपवलेले होते. आतला स्विच हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यातली धातूची पातळ पत्ती रोजच्या दाबानं दमली होती. त्यानं जुना स्विच डिसोल्डर केला, नवा बसवला. वीस मिनिटं लागली.

दोन वर्षं वापरलेल्या त्या माउसच्या कवचावर ओरखडासुद्धा नव्हता. आणखी कितीतरी वर्षं टिकणारं प्लास्टिक आपण एका पत्तीच्या आयुष्याला बांधून टाकतो. संगणकात खोचायचा नखाएवढा रिसीव्हर हरवला तरी अनेक वायरलेस माउस निकामी होतात, आणि त्याच जोडीचा रिसीव्हर सुटा मिळवायला वणवण करावी लागते. पुन्हा वितळवताना प्लास्टिकचा कस उतरतो. न वितळवता वापरत राहिलं तर तो प्रश्नच येत नाही. म्हणून रिसायकल केलेलं कवच दोन वर्षांत फेकावं लागत असेल, तर ज्यांनी ते निवडलं त्यांच्या मेहनतीवर तो अन्याय आहे.

कायद्याचं लक्षही आतल्या धातूंवरच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे, पण पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या हिशेबानं. माउसमध्ये सगळ्यात जास्त असतं ते प्लास्टिक, आणि त्याचा या प्रमाणपत्रांत हिशेबच नाही. स्क्रू उघडे असावेत, स्विच आणि रिसीव्हर सुटे मिळावेत, अशी अट खोक्यावरच्या टक्केवारीच्या जोडीला घालायला हवी. त्यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

सोललेल्या पट्ट्या पुन्हा चिकटेनात, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं दुहेरी चिकटपट्टी लावून दिली. एक कोपरा अजून उचलला जातो आणि माउस सरकवताना टेबलाला किंचित घासतो. कळ मात्र आता एकदाच लागते.