काढून टाकण्याचा अधिकार

जी वस्तू आपण निर्माण केली नाही, जिचे प्रयोजन आपणांस पुरते ठाऊक नाही आणि जी आज निरुपयोगी दिसते, ती काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात शोभावा असा आहे; परंतु त्याची खरी परीक्षा, माझ्या मते, एखाद्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डखाली होते. त्या अंधाऱ्या जागी वाचकांनी थोडा वेळ माझ्यासोबत डोकवावे, अशी विनंती आहे.

आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर उभी असलेली दिसते. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्याची, ॲम्बॅसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी, आणि मुंबईच्या टॅक्सीतळावरूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या गाड्यांत वातानुकूलन बहुधा मूळचे नसे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या उन्हाळ्याने त्रासलेल्या मालकाने ते मागाहून बसवून घेतलेले असे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढे कंडेन्सर, डॅशबोर्डखाली थंड हवेची पेटी आणि या साऱ्यांना जोडणाऱ्या वायरी. कारखान्याच्या मूळ आराखड्यात या वायरींची नोंद नसते. बसवणाऱ्याच्या हाताशी ज्या रंगाची वायर होती, ती त्याने ओढली. पुढे यंत्रणा बंद पडते, बसवणारा सापडत नाही, आणि मालक म्हणतो, "काढून टाका ते सगळे."

या वायरींची वाट थोडक्यात अशी. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते आणि तेथून रिलेकडे जाते. आपण दाबतो ते बटण प्रत्यक्ष काम करीत नाही. ते रिलेला केवळ आज्ञा देते आणि मोठा प्रवाह रिले सोडतो. तो प्रवाह कॉम्प्रेसरच्या क्लचमधील विद्युतचुंबकाला जागा करतो. बारा व्होल्टांवर हा क्लच साधारणतः तीन-चार अँपिअर वीज घेतो. आज्ञेच्या मार्गावर पहारेकरी बसवलेले असतात. पेटीत बर्फ धरू लागला की थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो. नळ्यांतील वायू गळून गेला की दाबाचा स्विच, जेथे तो बसवलेला असतो तेथे, प्रवाह तोडतो. कारण कॉम्प्रेसरचे वंगण वायूबरोबरच फिरत असते, आणि वायू नसताना तो चालला तर आतून घासून जाम होतो.

आता यंत्रणा चालेना, तर जाणता मिस्त्री टेस्ट लॅम्प घेऊन बॅटरीपासून निघतो आणि दिवा कोणत्या टप्प्यावर लागत नाही हे पाहत जातो. घाईचा मनुष्य मात्र निराळी वाट धरतो. फ्यूज पुन्हा पुन्हा जळतो म्हणून तेथे अधिक क्षमतेचा फ्यूज बसवतो, क्वचित तांब्याची तारच गुंडाळतो. दाबाचा स्विच प्रवाह अडवतो म्हणून त्याची दोन टोके एकमेकांस जोडून देतो. गाडी तासाभरात मालकाच्या हाती जाते, हवा गार लागते किंवा तसा भास होतो. पण दोन्ही ठिकाणी दोष जागच्या जागी असतो. दोष सांगणारा तेवढा गप्प केलेला असतो. फ्यूजने जळायचे नाही असे ठरले, म्हणजे वायरीने जळावे असे ठरले. साक्षीदाराला गुन्हेगार समजण्याची ही चूक केवळ मोटारीच्या दुरुस्तीत होते असे नाही. घरात जो वारंवार कुरकुर करतो, संस्थेच्या सभेत जो हिशेब मागतो, त्याच्याशी आपण कसे वागतो हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

काढून टाकण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. क्लचच्या गुंडाळीला समांतर असा एक लहानसा डायोड पुष्कळ गाड्यांत जोडलेला असतो. क्लच चालू असताना हा डायोड काहीच करीत नाही. प्रवाह बंद होतो त्या क्षणी मात्र गुंडाळीत साठलेली ऊर्जा उलट्या दिशेच्या जोरदार दाबाने बाहेर पडू पाहते. तो धक्का डायोड स्वतःवर घेतो, नाहीतर स्विचची टोके ठिणग्यांनी झिजत जातात. चालत्या यंत्राकडे पाहून निर्णय करणारा मनुष्य त्याला खुशाल निरुपयोगी ठरवील. तसेच, काही गाड्यांत वातानुकूलनाच्या रिलेवरच रेडिएटरच्या पंख्याची एक शाखा घेतलेली असते. "एसीची वायर" म्हणून ती कापली, तर महिनाभराने भर चढावर इंजिन का तापले याचा उलगडा कोणालाच होत नाही.

जी. के. चेस्टरटन यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका पुस्तकात रस्त्यात आडव्या आलेल्या कुंपणाचा दृष्टान्त देऊन असे सुचवले होते की, ज्याला कुंपणाचा उपयोग दिसत नाही त्याने ते पाडू नये. उपयोग समजला की मग पाडण्याचा विचार करावा. डायोडचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे. तरीही हा दृष्टान्त जसाच्या तसा स्वीकारणे मला अवघड वाटते. डॅशबोर्डखालच्या कित्येक वायरींना मुळात प्रयोजनच नसते. कोणी ओढलेली आणि जोडायची राहिलेली, कोणी आळसाने न कापलेली. प्रत्येक जुन्या गोष्टीमागे शहाणपण असतेच, ही समजूत आपल्यासारख्या, दोन-दोन शतके मूळ मुलखापासून दूर राहिलेल्या घराण्यांना विशेष प्रिय असते. कारण जपणे हाच आपला बाणा झालेला असतो. पण केवळ जुनेपणा हा प्रयोजनाचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. समजून घेईपर्यंत थांबा, असे ज्याला सांगितले जाते, तो कोण आहे? एकोणिसाव्या शतकात विधवांच्या पुनर्विवाहाला विरोध करणारेही हेच म्हणत होते की रूढीचे मर्म आधी जाणा. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शास्त्रांचा कसून अभ्यास करून १८५५ मध्ये त्यांना उत्तर दिले, आणि पुढल्याच वर्षी कायदा झाला. रूढी मोडणारा तिच्या रक्षकांपेक्षा तिला अधिक जाणत होता, हे खरेच. परंतु त्या अभ्यासाला जितकी वर्षे लागली तितकी वर्षे एखादी बालविधवा अंधाऱ्या खोलीत बसून होती, हेही तितकेच खरे. वायर जळत असताना तिचा इतिहास शोधीत बसणे हा विवेक नव्हे.

यावर कारागिरांच्या शिस्तीत एक उत्तर आहे, आणि ते मला तत्त्वचिंतकांच्या उत्तरापेक्षा अधिक पटते. धूर दिसला की आधी बॅटरीचे टोक सोडवावे. त्यासाठी काहीच समजावे लागत नाही. पण सोडवणे निराळे आणि कापणे निराळे. सोडवलेले पुन्हा जोडता येते. ज्याने पीडा होते ते तत्काळ थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, अज्ञानी माणसालाही आहे. कायमचे नाहीसे करण्याचा अधिकार मात्र समजून घेण्याच्या कष्टानेच मिळवावा लागतो. शोधाअंती वायर निरर्थक ठरली तर ती निःशंक काढावी, आणि मुळापासून काढावी. मध्येच कापून, उघडे टोक टेप लावून आत ढकलून देणे हे सर्वांत वाईट. कारण बॅटरीकडचा भाग जिवंतच राहतो, आणि टेपचा चिकटपणा उन्हाने सुटला की ते टोक कधीतरी पत्र्याला टेकते.

त्या वेळी गाडीत कोण असेल? या प्रश्नात सारे नीतिशास्त्र आले असे मला वाटते. आपण ज्याच्याशी व्यवहार करतो तो मालक समोर असतो, त्याला फसवणे कठीण. जो उपस्थित नाही, ज्याचे नावही आपल्याला कळणार नाही, असा पुढचा मनुष्य आपल्या कामाचा खरा धनी असतो. नळ्या सोडताना तर त्याची व्याप्ती अफाट होते. जुन्या यंत्रणांत आर-१२ हा वायू असे. तो ओझोनच्या थराला घातक असल्याचे मोलिना आणि रोलंड यांच्या १९७४ च्या संशोधनाने पुढे आणले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद सोडता भारतानेही २०१० पर्यंत असे वायू बंद केले. नळीचा आटा सैल करून फुस्सकन वायू सोडून देणाऱ्याला कोणी पाहत नाही आणि कोणी जाब विचारीत नाही. तो वायू यंत्राने ओढून बाटलीत भरून घेण्यास वेळ आणि पैसा लागतो, आणि त्याबद्दल आभार मानायलाही समोर कोणी नसते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक वृद्ध वायरमन होते. काम संपले की काय काढले, काय ठेवले आणि कोणते टोक कोठे बंद केले हे ते जाड कागदावर लिहून फ्यूजच्या डब्याच्या झाकणाआड सरकवून ठेवीत. त्या चिठ्ठीचे ते वेगळे पैसे घेत नसत. बहुतेक मालकांना ती तेथे आहे याची कल्पनाही नसे.