उरलेला वेळ

सास्तूर, किल्लारी ही नावे उच्चारताच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. चारच्या सुमारास धरणी हादरली व हजारो माणसे झोपेतच गेली. ती ईश्वरी शिक्षा होती, असे म्हणणे हा मृतांवर अन्याय होय. कारण साधे होते : भिंती जाड, दगड भारी, परंतु दगडाला दगड धरून ठेवण्याचे बळ मधल्या मातीत नव्हते.

आपल्या कुटुंबांचे तसे होत नाही ना? नोकरी, शिकवणी, मोबाइल यांनी घर भरते. सांधा तेवढा राहून जातो. प्रार्थनेमुळे घरच्यांचा वेळ जातो, अशी तक्रार आम्ही ऐकतो. आम्हांला उलट वाटते. देवापुढे मौन धरावयास जो शिकला, तोच वृद्ध आईचे तेच ते बोलणे धीराने ऐकू शकतो. प्रभू येशू पहाटे एकांतात प्रार्थनेस गेला, असे संत मार्क सांगतो. तेथून तो लोकांकडेच परतला.

म्हणून देवाला आणि जिवलगांना उरलेला वेळ देऊ म्हणू नये. वेळ कधी उरत नसतो. रात्री जेवणानंतर थोडा वेळ घर शांत असावे, मग एकमेकांची विचारपूस व्हावी. मायेचा शब्द सकाळवर टाकू नये.