सा सरकला की

पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी 3 ला सा धरला की भूप. सा काळी 5 वर नेला की त्याच पट्ट्यांत मालकंस, काळी 1 वर दुर्गा, काळी 2 वर धानी. पाच अंतरांची ही एकच माळ आहे, अर्ध्या स्वरांत मोजली तर 2-2-3-2-3. जप कुठल्या मण्यापासून धरायचा एवढंच आपण ठरवतो. गणितात अशा माळेला चक्रीय शब्द म्हणतात. मणी बदलून मिळणारा प्रत्येक क्रम म्हणजे भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तली मूर्च्छना.

भरताची माळ 22 श्रुतींची. षड्जग्राम 4-3-2-4-4-3-2. मध्यमग्रामात पंचम एक श्रुती उतरतो, मग 4-3-2-4-3-4-2. फरक किरकोळ दिसतो, पण दुसरी माळ कितीही फिरवा, पहिली हाती लागत नाही: पहिलीत दोन चौके शेजारी बसलेत, दुसरीत कुठेच नाहीत. म्हणून त्याच्या मूर्च्छना चौदा.

पुढे तंबोऱ्याने सा एका जागी बसवला आणि मूर्च्छना ग्रंथांत राहिली. पेटीने सा पुन्हा हलता केला खरा, पण 4 आणि 3 श्रुती या दोन्हींना तिने सारखेच दोन अर्धे स्वर दिले. दोन्ही ग्राम 2-2-1-2-2-2-1 झाले. चौदाच्या सात उरल्या.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचा झगडा मला इथेच दिसतो. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजत बसला. 1910 मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. 1911 मध्ये साताऱ्यात, क्लेमेंट्स या न्यायाधीशांच्या साथीने, ‘फिल्हार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी केली. श्रुतींची पेटीही घडवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला आणि ती रूढ झाली नाही. तरी तीन आणि चार एक नव्हेत, हा देवलांचा हट्ट मला मोलाचा वाटतो.

बारा घरांचा हिशेबही सुंदर आहे, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांतून सात स्वर निवडायच्या रीती 792, पण फिरवून एकच होणाऱ्या एकदाच मोजल्या की माळा 66. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी हे सहा एकाच माळेचे. तिचा सातवा मणी, निषाद, सा मानला तर पंचमच मिळत नाही. भैरव उलटसुलट सारखा. ‘पूर्वी’ थाटाची माळ उलटी फिरवली की तोडीची होते. हे कागदावर पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे पाहत होतो.

पण आता भूपाचा पंचम सा धरून दुर्गा गा. भूपाचा धैवत इथे ऋषभ होतो. पेटीवर तो चोख बसतो. गळ्यातला शुद्ध धैवत 5/3 धरला, तर या नव्या सा पासून ऋषभ येतो 10/9, तीन श्रुतींचा. तंबोऱ्याच्या पंचमाशी जुळणारा ऋषभ 9/8, चार श्रुतींचा. मधलं अंतर 81/80. मिरजेचा तंबोरा समोर वाजत असेल, तर गाणारा तो ऋषभ आपोआप किंचित चढवून घेतो.