गळा कोणाचा?

मुलाच्या अंगी असलेला गुण कोणाच्या मालकीचा? ‘देवाच्या’ असे उत्तर आपण श्रद्धावंत चटकन देतो. व्यवहारात मात्र त्या गुणावर पहिला हक्क आईबाप सांगतात, मग शिक्षक, मग टाळ्या वाजविणारे. ज्याचा गळा, त्या बालकाची पाळी शेवटी येते.

झी मराठी वाहिनीवर २००८-०९ साली ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ हे पर्व गाजले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले घराघरांत ‘पंचरत्ने’ म्हणून ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली. अभंग, गौळण, नाट्यगीत या मुलांच्या तोंडून नव्या पिढीच्या कानी पडले, हा त्या कार्यक्रमाचा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. २०२१ साली तेच पाच जण नव्या पर्वात लहानग्यांचे गाणे पारखण्यास बसले.

परंतु पाच जणांच्या यशावरून इतरांचा हिशेब मांडता येत नाही. एकाला निवडायचे तर अनेकांना घरी पाठवावे लागते. ‘आज तुझे गाणे उणे पडले’ आणि ‘तू उणा आहेस’ या दोन वाक्यांतील भेद प्रौढ माणूस कष्टाने का होईना, जाणतो. आठ वर्षांचे मूल तो कसा जाणणार? त्यातून घरी परतताना आईचा चेहरा उतरलेला दिसला, तर दुसरेच वाक्य त्याच्या मनात कायमचे बसते.

याबाबतीत दूरदर्शन वाहिन्यांकडे बोट दाखविण्याआधी आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास आठवावा. रोमच्या गायकवृंदांत उंच स्वर टिकावा म्हणून बालपणीच ज्यांच्या देहाची हानी केली गेली, असे गायक शतकानुशतके गात होते. १९०३ साली दहावे पायस यांनी वरच्या स्वरांसाठी मुलांचे आवाज घ्यावेत, असा दंडक घातला. त्या परंपरेतील अखेरचे प्रसिद्ध गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारले. ते स्वर देवाच्या स्तुतीसाठीच होते. तरीही त्यांची किंमत बालकांनी मोजली. हेतू पवित्र असला म्हणजे साधन पवित्र होते असे नाही.

आपल्या देशात २०१७ च्या नियमांनुसार बालकलावंताकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, कमाईचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करता येत नाही. तास व पैसा कायदा मोजू शकतो. पण इच्छा कोण मोजणार? आईबापांना आनंद व्हावा म्हणून मूल मनाविरुद्धही ‘हो’ म्हणते.

लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. ऐकणारे त्याच्या उत्तरांनी थक्क होतात. मारिया व योसेफ यांनी तेथेच त्याला मिरवले असते, तर नवल नव्हते. तसे घडले नाही. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. त्यानंतर सुमारे अठरा वर्षे शुभवर्तमान मौन पाळते. देवपुत्रालाही वाढण्यासाठी टाळ्यांपासून दूर असलेले घर लागले.

म्हणून ठाण्याच्या गडकरी रंगायतनात वा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात मूल गाऊ लागले, तर त्याला अडवू नये. देणगी मातीत पुरून ठेवणाऱ्या दासाची गत आपणांस ठाऊक आहे. पण त्या दाखल्यात हिशेब देणगी ज्याला मिळाली त्याच्याकडेच मागितला जातो, हेही ध्यानात असावे. आईबाप हे त्या ठेवीचे राखणदार होत, व्यापारी नव्हेत.

पालकहो, एकच कसोटी पुरे. उद्या या मुलाने गाणे सोडले, तर आपल्या घरात त्याची जागा आज आहे तेवढीच राहील काय? याचे उत्तर निःशंकपणे ‘होय’ असेल, तर त्याला खुशाल रंगमंचावर पाठवावे. तसे नसेल, तर आधी नाझरेथ उभारावे.